एसक्यूएल सर्व्हर: रविवारचा मेंटेनन्स जॉब फेल, लॉग फाइल ८६ जीबी, रिकव्हरी मोड कुठला ठेवू?

सूतवाला
नमस्कार मंडळी. सुताचा ठोक धंदा आहे, बिलिंग एसक्यूएल सर्व्हर २०१९ स्टँडर्डवर, आणि कॉम्प्युटरचं सगळं मीच बघतो. रविवारी रात्री ११ ला मेंटेनन्स प्लॅन चालतो, आधी इंडेक्स रीबिल्ड (शोधसूची नव्याने बांधणं), मग श्रिंक (फाइल आकसून लहान करणं), शेवटी फुल बॅकअप (सगळ्या डेटाचा). दोन रविवार रीबिल्डलाच लाल फुली येतेय, हिस्टरीत नुसतं स्टेप फेल्ड, आणि पुढचं काही चालतच नाही म्हणजे बॅकअपही दोन आठवडे नाही. डी ड्राइव्ह गच्च, डेटा ९ जीबी आणि लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी फाइल, ८६! रिकव्हरी मोड फुल (सगळा लॉग जपणारा) आहे. सिंपल (जुना लॉग आपोआप मोकळा करणारा) करू का? सकाळी टेम्पो दारात उभे असतात, बिल अडकलं की हमाल बसून राहतात, खरंच झोप उडालीय.

रात्रपाळी
दादा, आधी दुसऱ्या डिस्कवर हातानं फुल बॅकअप घ्या, बाकी सगळं नंतर. मग सर्व्हरचा एरर लॉग उघडा, ९००२, म्हणजे लॉग भरल्याचा एरर, दिसेल बहुतेक. सिस डॉट डेटाबेसेस मध्ये लॉग_रियूज_वेट_डेस्क हा कॉलम बघा, लॉग कशामुळे मोकळा होत नाही ते तिथं कळतं, तिथं लॉग_बॅकअप असेल तर दुखणं सापडलं. फुल बॅकअप घेतला की लॉग रिकामा होतो असं खूप जणांना वाटतं, तसं होत नाही, फुल मोडमध्ये लॉगचा वेगळा बॅकअप घेतल्याशिवाय आतली जागा मोकळी होत नाही आणि प्रत्येक रीबिल्ड त्यात भर घालतो. आणि प्लॅनमध्ये बॅकअप हिरव्या बाणाने (आधीचं पास झालं तरच पुढचं) रीबिल्डच्या मागे बांधलाय, म्हणून तोही गेला. बॅकअपचा प्लॅन वेगळा करा.

सूतवाला
लॉग_बॅकअपच आलं! फुल बॅकअप घेतला, पण नंतर सॉफ्टवेअरवाल्याने फोनवर सिंपल करायला लावलं, लॉग श्रिंक केला, परत मोड फुल केला. आता लॉग बॅकअप घेतला तर एरर ४२१४, आधीचा डेटाबेस बॅकअपच नाही म्हणे.

लॉगवाली
सिंपल केलंत तिथेच लॉग बॅकअपची साखळी तुटली. परत फुल केल्यावर एक फुल किंवा डिफरन्शियल (शेवटच्या फुल बॅकअपनंतरचे बदल तेवढे) बॅकअप लागतो, तोपर्यंत डेटाबेस नावालाच फुल मोडमध्ये असतो.

मोडचं म्हणाल तर दुपारी ४ ला डिस्क गेली तर सकाळपासूनची बिलं परत टाकता येतील का, एवढंच स्वतःला विचारा. येत असतील तर सिंपल बिनधास्त ठेवा, रोज रात्री बॅकअप घ्या. येत नसतील तर फुल, आणि दर १५ मिनिटांनी लॉग बॅकअप. फुल मोड आणि लॉग बॅकअप नाही ही तुमची आत्ताची अवस्था सगळ्यात वाईट. आमच्याकडे एकाने दुपारी ३:१० ला व्हेअर (कुठल्या नोंदी बदलायच्या ती अट) न लावता अपडेट मारला, सगळ्या मालाचा दर एकच झाला, हातपाय गार पडले होते माझे. लगेच लॉग बॅकअप घेतला, डेटाबेस दुसऱ्या नावाने स्टॉपअ‍ॅट लावून ३:०९ पर्यंत रीस्टोअर केला आणि दर तिथून उचलले. सिंपल असतं तर आदल्या रात्रीचेच दर मिळाले असते.

आणि तो श्रिंक काढाच, रीबिल्डने लावलेली घडी तो लगेच विस्कटतो.

सूतवाला
ताई, डिफरन्शियल घेतला आणि लॉग बॅकअप पास झाला! १५ मिनिटांचा जॉब लावला, श्रिंक काढला. बॅकअप दुसऱ्या मशीनवर टाकायला गेलो तर अ‍ॅक्सेस डिनाइड, एरर ५.

रात्रपाळी
सर्व्हर ज्या सर्व्हिस अकाउंटवर चालतो त्याला त्या मशीनच्या शेअर केलेल्या फोल्डरवर लिहायची परवानगी द्या, तुमच्या लॉगिनला देऊन उपयोग नाही. त्या फोल्डरला झेड ड्राइव्ह म्हणून जोडणंही नको, पूर्ण नेटवर्क पाथ टाका. आणि या रविवारी त्यातली एक फाइल त्या दुसऱ्या मशीनवर रीस्टोअर करून शनिवारचं शेवटचं बिल दिसतंय का बघा.