'ओमियागे'च्या दुकानाला मराठीत काय म्हणायचं?

अनुवादघाट
जपानच्या मिए प्रांतातल्या इसे-शिमा किनाऱ्याची माहितीपुस्तिका मराठीत करते आहे. इथून एक गट जाणार आहे, त्यांच्या हातात देण्यासाठी. इसेचं देवस्थान झालं, तोबाच्या खाडीतले मोती झाले, श्वास रोखून तळाशी बुड्या मारणाऱ्या 'अमा' बायका झाल्या. अडलं ते दुकानांच्या पानावर. मथळ्यात दोन शब्द शेजारी शेजारी आहेत: 'तोकुसानहिन' आणि 'ओमियागे'. पहिला म्हणजे त्या मुलखाची खास उपज किंवा बनावट. दुसरा म्हणजे प्रवासाहून परतताना घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी, कचेरीतल्यांसाठी आणायची वस्तू. मी 'स्थानिक खास वस्तू व भेटवस्तूंची दुकाने' असं लिहिलं. तपासणाऱ्यांनी 'भेटवस्तू' खोडून 'स्मृतिचिन्हे' केलं. मला ते पटत नाही. स्मृतिचिन्ह सत्काराला देतात, शालीबरोबर. या पानावर तांदळाची चिकट मोची आहे, मोती आहेत, सुकवलेली मासळी आहे, अमांच्या खुणा छापलेले पंचे आहेत. सुक्या मासळीला स्मृतिचिन्ह कसं म्हणायचं? सुचवा.

सुकाबोंबील
ताई, तुमच्या पहिल्या शब्दाला आमच्याकडे पाटीच तयार आहे. मुंबई-गोवा महामार्गावर कुठेही थांबा, 'कोकण मेवा' लिहिलेलं असतं. आत आंबापोळी, फणसपोळी, काजूगर, कोकमाचं आगळ, कुळथाचं पीठ. कोणालाही अर्थ समजावून सांगावा लागत नाही. 'इसे-शिमाचा मेवा' लिहा आणि मोकळ्या व्हा.
दुसऱ्यासाठी 'खाजं'. जत्रेहून आलेला माणूस रिकाम्या हाताने उंबरा ओलांडत नाही, खाजं आणतोच. बेसनाच्या जाड कांड्या, वर आलं घातलेल्या गुळाचा पाक. जत्रेला न गेलेल्यांचा वाटा असतो तो. 'खाजा हाडलंस?' हा घरातला पहिला प्रश्न.

शुद्धलेखणी
'मेवा' फारसी आहे. त्या भाषेत त्याचा अर्थ फळ. मोत्याला आणि पंच्याला फळ म्हणणार का? मराठीत धातू आहेत, प्रत्यय आहेत, शब्द घडवता येतो. 'तोकुसानहिन'साठी 'स्थलविशेष' आणि 'ओमियागे'साठी 'स्मरणवस्तू'. दोन्ही पहिल्या वाचनात कळतात.

सुकाबोंबील
कोकण मेव्याच्या दुकानात सावंतवाडीची लाकडी खेळणीही टांगलेली असतात. त्यांना फळ समजून कोणी चावत नाही. शब्द वापराने रुंदावतो. फारसीत काय होतं ते फारसीपाशी राहू द्या.

नागोयावासी
मी नागोयात राहतो. इसे इथून किन्तेत्सु रेल्वेच्या गाडीने साधारण दीड तासावर आहे, त्यामुळे पाहुणे आले की तिकडे जाणं होतंच.

'ओमियागे' म्हणजे आठवणीची वस्तू नव्हे, हे आधी पक्कं करा. स्वतःच्या आठवणीसाठी घेतलेल्या वस्तूला जपानीत 'किनेनहिन' हा वेगळा शब्द आहे. त्यामुळे 'स्मृतिचिन्ह' आणि 'स्मरणवस्तू' दोन्ही बाद. ओमियागे दुसऱ्यासाठी घ्यायची असते आणि बहुतेक वेळा खायची असते. माझ्या कचेरीत सुट्टीहून आलेला माणूस कोपऱ्यातल्या टेबलावर खोका उघडून ठेवतो. आत प्रत्येक नग वेगळ्या वेष्टनात, ज्याचा त्याने उचलावा. दुकानात खोका हातात घेतला की लोक आधी वर छापलेला नगांचा आकडा बघतात. विभागात माणसं किती, ते मनात मोजतात. चवीचा विचार त्यानंतर.

याचं मूळ सांगताना इसेचंच नाव निघतं. एदो काळात (1603 ते 1868) इसेची वारी प्रत्येकाला परवडत नसे. गावोगाव 'इसे-को' नावाची मंडळं होती. भिशीसारखे पैसे जमायचे, चिठ्ठी टाकायची, जिचं नाव निघेल ती व्यक्ती सगळ्यांच्या वतीने दर्शनाला जायची. आता ज्या माणसाच्या पायांवर गावाचा पैसा खर्च झाला, त्याने परत येताना गावाला काहीतरी देणं आलंच. पायी चालणाऱ्याला ओझं नको, म्हणून वस्तू हलक्या: इसेचं छापील पंचांग, चेहऱ्याला लावायची पांढरी भुकटी, 'मानकिनतान' नावाचं पोटाचं औषध. 1830 साली तर काही महिन्यांत लाखो लोक इसेला लोटले होते. त्या रस्त्यांवरच्या दुकानदारांनीच 'काय नेता येईल' याचं शास्त्र बनवलं, असं मला वाटतं.

'मियागे' हा शब्द देवस्थानच्या पेटीवरून, 'मियाके'वरून आला असं एक मत आहे. लिहिताना मात्र 'भूमी' आणि 'उपज' अशी दोन अक्षरं लिहितात. उच्चार एकीकडचा, अक्षरं दुसरीकडची.

पांढरीचं_रान
भूमी आणि उपज! मग एवढी शोधाशोध कशाला? आमच्या वऱ्हाडात 'वानोळा' आहे. हुरडा आला, बोरं आली, पहिली तूर निघाली की बहिणीच्या घरी, शेजारी, गावातल्या मास्तरांकडे वानोळा जातो. 'लेकीच्या गावाहून आलो, हा वानोळा' असंही म्हणतात. मुलुखाची उपज, दुसऱ्यासाठी आणलेली, वाटून खायची. ओमियागेचे सगळे गुण यात आहेत.

कऱ्हाकाठ
आमच्याकडे 'वानवळा', आणि तो विकत घेत नाहीत. हाच त्याचा प्राण आहे. माझी आजी परड्यातली पहिली काकडी कापायच्या आधी चार घरी फोडी पाठवायची. बाजारातून आणलेल्या काकडीला ती वानवळा म्हणाली नसती. 'वानवळ्याचं दुकान' हे शब्द एकमेकांशेजारी बसूच शकत नाहीत. दुकान आलं की वानवळा संपला.

पांढरीचं_रान
कऱ्हाकाठ, तुमच्या आजींचा नियम तुमच्या आळीत खरा. आमच्याकडे यात्रेहून आणलेल्या फुटाण्या-रेवड्यांनाही वानोळा म्हटलेलं मी कानांनी ऐकलं आहे. आणि तुमचा नियम लावला तर 'फराळ'ही विकत मिळता कामा नये. आज तो दिवाळीत परदेशी खोक्यांनी जातो.

शुद्धलेखणी
निदान शब्द आपल्या मातीतला आहे, याचा आनंद आहे. 'वाण'पासून आला असणार. संक्रांतीला हळदीकुंकवाला देतो ते वाण, संस्कृत 'वायन'.

कऱ्हाकाठ
मला ते जुळत नाही. वाण व्रताचं असतं, त्याला मुहूर्त लागतो, ते सवाष्णीला देतात. वानवळ्याला ना व्रत ना मुहूर्त, तो कोणालाही जातो. माझ्या मते तो 'वानगी'चा भाऊ. वानगी म्हणजे मासला, चव बघायला दिलेला थोडासा नमुना. 'आमच्या मळ्यात काय पिकलं बघा' हा त्यातला भाव.

पांढरीचं_रान
वानगी पटते. आणि नेमकं तेच इसेच्या दुकानातही होतं ना? आमच्या गावाला काय पिकतं, काय बनतं, याचा मासला.

चंद्रभागातीर
देवस्थानच्या गावाचा प्रश्न आहे तर पंढरपूरला विचारा. आमच्याकडे देवळाच्या वाटेवर दुतर्फा दुकानं आहेत: चुरमुरे, बत्तासे, बुक्का, कुंकू, तुळशीच्या माळा, टाळ. त्या व्यापाराला 'प्रासादिक वस्तू' म्हणतात, दुकानाला 'प्रासादिक भांडार'. व्यापारी हाच शब्द वापरतो, वर्तमानपत्र हाच छापतं, वारकऱ्याला हाच कळतो. वारीहून परतलेला माणूस चुरमुऱ्यांची चिमूट प्रत्येकाच्या तळहातावर ठेवतो, वारीला न गेलेल्याच्याही. इसे-कोचा जो माणूस नागोयावासींनी सांगितला, तो आणि आमचा वारकरी एकाच कामासाठी घरी परततात.

नागोयावासी
साम्य मोठं आहे, पण एक रेघ जपानी लोक कटाक्षाने पाळतात. देवस्थानच्या आवारात मिळणारे ताईत आणि देवाच्या नावाच्या पाट्या 'विकत' घेतल्या असं म्हणत नाहीत, त्या देवाकडून मिळाल्या असं म्हणतात. दिलेल्या पैशांना 'हात्सुहो-र्यो' हे नाव आहे, म्हणजे पहिल्या कणसाचं मोल. पूर्वी नव्या भाताची पहिली कणसं देवाला वाहत, त्यांच्या जागी पैसे आले, नाव तेच राहिलं.
आवाराबाहेर ओहाराईमाची नावाची लांब गल्ली आहे, दोन्ही बाजूंना दुकानं. तिला लागून ओकागे-योकोचो, 1993 साली जुन्या धाटणीची घरं उभारून वसवलेलं. तिथे मात्र उघड खरेदी-विक्री. म्हणून 'प्रासादिक' शब्द आवाराच्या आत शोभेल, गल्लीत नाही.

पांढरीचं_रान
पहिल्या कणसाचं मोल! कऱ्हाकाठ, वाचलंत ना? पहिली उपज आणि पैसा एका शब्दात नांदतात. तिथल्या देवाला चालतं, तर आपल्या वानवळ्याला का चालू नये?

कऱ्हाकाठ
देवापुढे पैसा ठेवणं वेगळं आणि गल्ल्यावर ठेवणं वेगळं. ही रेघ नागोयावासींनी आत्ताच ओढून दाखवली.

दूरदेशी
'सौगात' कोणीच घेतला नाही. फारसीत त्याचा अर्थ नेमका प्रवासाहून आणलेली वस्तू असा आहे. फारसीत तो तुर्कीतून आला. ओमियागेच्या इतका जवळचा शब्द दुसरा नाही.

शुद्धलेखणी
हिंदी मेळाव्याच्या कमानीवर शोभेल. मराठी घरात कोण म्हणतं, 'आत्याने सौगात आणली'? मी नवा शब्द सुचवला तर तो कृत्रिम, आणि दुरून उसना आणला की जवळचा, हा न्याय मला मान्य नाही. 'महापौर' आणि 'दिग्दर्शक' हे सावरकरांनी दिलेले शब्द आज बिनबोभाट चालतात, कारण कोणीतरी ते पहिल्यांदा छापायचं धाडस केलं. 'स्थलविशेष' त्याच वाटेने चालेल.

अनुवादघाट
सगळ्यांचं वाचते आहे. एक पेच सांगते. पानावर सगळ्यात वर 'अकाफुकु' आहे. 1707 सालापासूनचं दुकान, इसुझु नदीच्या काठाशी. तांदळाच्या चिकट मोचीवर आझुकी या लाल कडधान्याचं मऊ पुरण, त्यावर बोटांनी ओढलेल्या तीन रेघा. रेघा म्हणजे नदीचा प्रवाह, खालची पांढरी मोची म्हणजे तळातले गोटे. दोन-तीन दिवसांत संपवावी लागते. ही स्थलविशेष की वानवळा? मूळ मजकुरात ती दोन्ही शब्दांखाली येते.

दूरदेशी
नागोया स्थानकावरही ती मिळते असं ऐकलं आहे. मग स्थलाचा विशेष कुठे उरला?

नागोयावासी
मिळते, ओसाकाकडेही मिळते. तरी नाव इसेचंच. लोणावळ्याची चिक्की पुण्या-मुंबईत कुठेही घ्या, तिचं गाव बदलत नाही.

चंद्रभागातीर
चिक्की आणणारा लोणावळ्याला उतरलाच नाही, तर ती प्रवासाची वस्तू राहते का? पंढरपूरला न जाता कोणी चुरमुरे वाटले तर त्याला आम्ही प्रसाद म्हणणार नाही.

नागोयावासी
इथल्या लोकांनाही हा प्रश्न टोचतो, म्हणून कित्येक जण मुद्दाम नदीकाठच्या दुकानातलाच खोका घेतात.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती याच किनाऱ्यावरची आहे. जपानी भेटीच्या कागदावर उजव्या कोपऱ्यात लाल-पांढऱ्या घडीची छोटी खूण असते, मधोमध पिवळसर पट्टी. तिला 'नोशी' म्हणतात. ती पट्टी मुळात आवाबी या शिंपल्यातल्या मांसाची. अमा तो खडकावरून खरवडून काढतात. त्याची लांब पातळ पट्टी कापून, सुकवून, दाबून ताणतात. तोबाजवळच्या कुझाकी गावात ती अजून बनते आणि इसेच्या देवस्थानाला वाहिली जाते. भेटीवर खरी पट्टी लावायची ती हळूहळू कागदाची झाली. जुना संकेत असा, की भेट स्वतःच मासळी असेल तर नोशी लावायची नाही, कारण समुद्राची वस्तू आत आहेच.

पांढरीचं_रान
म्हणजे देशभरातल्या सगळ्या भेटींवर या एका किनाऱ्याचा वानोळा चिकटलेला आहे. आता तरी शब्द घ्या.

कऱ्हाकाठ
घ्यायचाच असेल तर 'वानवळा' असा घ्या. 'वानोळा' बोलीत ठीक, छापील पुस्तिकेत नको.

पांढरीचं_रान
का नको? वऱ्हाडातला माणूस जपानला जात नाही का? आम्ही म्हणतो तसं छापलं की ते अशुद्ध, आणि तुमच्या नदीकाठचं तेवढं प्रमाण, हे फार वर्षं ऐकलं. लीळाचरित्राची भाषा आमच्याच मुलखात लिहिली गेली.

कऱ्हाकाठ
त्याचा मला तुमच्याइतकाच अभिमान आहे. प्रश्न एका पुस्तिकेत एकच रूप ठेवण्याचा आहे.

शुद्धलेखणी
दोन रूपांवर भांडण होतं म्हणूनच घडवलेला शब्द बरा. 'स्मरणवस्तू'वर कोणत्याही जिल्ह्याची मालकी नाही.

चंद्रभागातीर
आणि कोणत्याही जिल्ह्यात तो कोणाच्या तोंडी नाही.

अनुवादघाट
पुस्तिका परवा छपाईला जाते आहे. मथळ्यात फार तर चार शब्द बसतात. पंच्यावरच्या खुणांचं मी असं लिहिलं आहे, तेही बघा: 'सेइमान' म्हणजे एका रेघेत काढलेली चांदणी, रेघ सुटली तिथेच परत येते, तशी बुडी मारलेली बाई वर परत यावी. 'दोमान' म्हणजे आडव्या-उभ्या रेघांची जाळी, तिच्या अनेक डोळ्यांनी समुद्रातल्या वाईट गोष्टींवर नजर ठेवावी. आणि 'हिमोनो'ला 'सुकट' म्हटलं आहे.

सुकाबोंबील
ताई, चांदणी-जाळीचं सुरेख उतरलंय. पण 'सुकट' आधी काढा, मथळा नंतर ठरवू. सुकट म्हणजे सुकवलेला जवळा, बारीक, मुठीने मोजायचा, कढईत भाजला की घरभर वास. हिमोनो तशी नसते. अख्खा मासा पोटातून किंवा पाठीतून चिरून पुस्तकासारखा उघडतात, मिठाच्या पाण्यात ठेवतात आणि वाऱ्यावर वाळवतात. पुष्कळदा एकाच रात्रीपुरता. मास आत ओलसर राहतं, जाळावर भाजून लगेच खायचं. आमचा खारा बांगडा त्याच्या जवळचा, पण तो मिठात मुरतो, कडक होतो आणि पावसाळाभर टिकतो. 'सुकी मासळी' म्हटलं तरी वाचणारा बोंबील सुकवायच्या वलांडीकडे जाईल. 'चिरून वाळवलेला मासा' असं सरळ लिहा.

कऱ्हाकाठ
'वाळवलेला' की 'सुकवलेला'? आमच्याकडे पापड वाळवतात, मासे सुकवतात.

सुकाबोंबील
आमच्याकडे दोन्ही सुकत घालतात.