एकच वृषण असेल तर लग्नाआधी काय तपासून घ्यावं?

कोरा कागद:
वय २७. पंधराव्या वर्षी डाव्या वृषणाला पीळ बसला, ऑपरेशनला उशीर झाल्याने ते काढावं लागलं. उजवं शाबूत आहे. दाढीमिशी, इच्छा, ताठरता, कशातच अडचण नाही. आता घरात स्थळं बघणं सुरू आहे. मूल व्हायला त्रास होईल का? वीर्यतपासणी आत्ताच करावी का? शिवाय जिममधला ट्रेनर म्हणतो, ‘एकावर भागत नाही, टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घे.’ घ्यावीत का?

ठिपक्यांची वही:
तपासणी करून घ्या, पण नीट. नमुना चुकीचा दिल्यामुळेही रिपोर्ट खराब येतो. आधी २ ते ७ दिवस वीर्यपतन नको. तेल, थुंकी, साबण, साधा निरोध यांतलं काही वापरायचं नाही, शुक्राणू मरतात. शक्यतो लॅबमध्येच नमुना द्या. घरून नेणार असाल तर डबी शर्टाच्या आत अंगालगत ठेवा आणि अर्ध्यापाऊण तासात पोचवा. फ्रीज, बर्फ अजिबात नको. सर्वांत महत्त्वाचं, पहिला थेंब सांडला तर लपवू नका. बहुतेक शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात, त्यामुळे उरलेल्याची मोजणी फसवी येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शिकेतल्या खालच्या मर्यादा अशा: वीर्य १.४ मिली, शुक्राणू दर मिलीला १६ मिलियन, एकूण ३९ मिलियन, हालचाल करणारे ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. ‘फक्त ४ टक्के’ वाचून लोक हबकतात, पण तो आकडा तेवढाच असतो.

वाळूचं घड्याळ:
वरच्या आकड्यांना पास-नापास समजू नका. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांच्या तपासण्यांवरून ते काढलेत. त्यांच्यातलेही ५ टक्के या रेषेखाली होते. एका रिपोर्टवरून निष्कर्ष नको. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने आणि बाहेर यायला आणखी काही दिवस लागतात, म्हणून दोन महिन्यांपूर्वीचा डेंग्यूचा ताप आजच्या रिपोर्टात दिसतो. कमी आलं तर तीन महिन्यांनी पुन्हा करा. तेव्हाही कमीच आलं तर सकाळी १०च्या आत रक्तातलं एफएसएच, एलएच (मेंदूकडून येऊन वृषणाला कामाला लावणारी हार्मोन्स) आणि टेस्टोस्टेरॉन, शिवाय वृषणाची सोनोग्राफी. एफएसएच चढलेलं असेल तर उरलेलं वृषण ओढाताण करून काम भागवतंय असं समजायचं.

बाकी एकाच निरोगी वृषणावर मूल होणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. दुसरं का गेलं, हे मात्र विचारायला हवं. पिळाने गेलेलं वेगळं, लहानपणी खाली न उतरलेलं वेगळं. न उतरलेल्यांत कर्करोगाची शक्यता जास्त असते, म्हणून तिथे दर महिन्याला आंघोळीनंतर हाताने चाचपून पाहायला सांगतात. कडक, न दुखणारी गाठ लागली तर लगेच मूत्ररोगतज्ज्ञाकडे.

दोरीचा फास:
इंजेक्शन? मुळीच नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू एलएच आणि एफएसएच सोडणं बंद करतो. रक्तातली पातळी चढते, वृषणाच्या आतली पडते आणि शुक्राणू बनणं थांबतं. आठवड्याला २०० मिलिग्रॅम देऊन पुरुषांच्या गर्भनिरोधकाचे प्रयोग याच तत्त्वावर झाले होते! बंद केल्यावर पूर्ववत व्हायला सहा महिने ते वर्षभर, कधी त्याहून जास्त. तुमच्याकडे राखीव साठाच नाही, तेव्हा हा जुगार नको. आणि ‘एकावर भागत नाही’ हेही खोटं. एलएच थोडा वाढतो आणि एकच वृषण दोघांचं हार्मोन तयार करतं.

आता खरी गोष्ट. जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा. पिळाच्या ऑपरेशनमध्ये दुसरं वृषणही न विरघळणाऱ्या टाक्यांनी आतून अडकवून ठेवतात, कारण सैल बांधणीचा दोष बहुधा दोन्हीकडे असतो. तिथे तसं लिहिलंय का बघा.

कोरा कागद:
सापडलं. ‘उजवी ऑर्किडोपेक्सी’ असं लिहिलंय. म्हणजे हेच ना?

दोरीचा फास:
हेच. पण टाके असूनही क्वचित पीळ बसतो. अचानक जोरात दुखलं, मळमळलं, वृषण वर ओढल्यासारखं वाटलं, तर वेदनाशामक खाऊन सकाळची वाट पाहायची नाही. साधारण सहा तासांत पीळ सोडवला तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली. सर्जन असलेल्या रुग्णालयात थेट जा आणि ‘एकच आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. क्रिकेट किंवा कबड्डी खेळताना गार्ड घाला.

ठिपक्यांची वही:
मुलीकडच्या सगळ्या गोतावळ्याला सांगायची गरज नाही, पण ठरण्याआधी मुलीला एकांतात सांगा. रिपोर्ट हाताशी असला की बोलणं सोपं जातं. आणि लग्नानंतर वर्षभर, तिचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहाच महिने प्रयत्न करून दिवस गेले नाहीत तर दोघांनी मिळून डॉक्टरांना दाखवा. एकट्या तिच्याच तपासण्या सुरू होऊ देऊ नका.