वृद्धसेवेचे प्रशिक्षण-साहित्य : सर्वांना खुले असावे की नोंदणीपुरते मर्यादित?

तालुक्याचा डॉक्टर

वृद्ध रुग्णांची सेवा करणारे डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशा सेविका यांच्यासाठी जे शिक्षणसाहित्य तयार होते, ते नोंदणी आणि शुल्काविना, भाषांतराच्या मुभेसह खुले असावे, असे माझे ठाम मत आहे. विरोधी मते कारणांसह यावीत, म्हणून हा धागा काढत आहे.

२०११च्या जनगणनेत देशातील साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटींच्या पुढे गेलेली होती आणि महाराष्ट्रात दर दहा जणांमागे जवळपास एक जण त्या वयाचा होता. २०१०-११मध्ये राष्ट्रीय वयोवृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रम सुरू झाला, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाला त्यात प्रादेशिक केंद्राचा दर्जा मिळाला, जिल्हा रुग्णालयांत वेगळ्या खाटांची तरतूद झाली. मात्र या विषयाचे तज्ज्ञ किती घडतात, हे पाहिले की चित्र बदलते. चेन्नईच्या मद्रास मेडिकल कॉलेजात वार्धक्यशास्त्राचा एम.डी. अभ्यासक्रम १९९६ साली सुरू झाला आणि दिल्लीच्या एम्समध्ये तो येण्यास २०१२ उजाडले. त्यामुळे गावातील ऐंशी वर्षांच्या आजींना तपासणारा माणूस प्रत्यक्षात एम.बी.बी.एस. किंवा बी.ए.एम.एस. झालेला असतो, आणि वृद्धांचे पडणे, एकाच वेळी चालू असलेली आठ-दहा औषधे किंवा अचानक उद्भवलेला संभ्रम यांबद्दल त्याला विद्यार्थिदशेत फारच थोडे शिकवलेले असते.

त्याला हवे असलेले साहित्य अस्तित्वात आहे, पण ते परिषदेला उपस्थित राहिलेल्यांच्या पेनड्राइव्हमध्ये, संघटनेच्या सभासदांपुरते किंवा प्रशिक्षणाला बोलावलेल्या तुकडीपुरते राहते. जे सार्वजनिक पैशातून तयार झाले, त्याला तरी कुलूप का असावे?

पुण्याचा वार्धक्यतज्ज्ञ

डॉक्टर, आपली तळमळ मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. वृद्धांच्या बाबतीत अर्धवट पोहोचलेली माहिती अनेकदा न पोहोचलेल्या माहितीपेक्षा अधिक घातक ठरते.

वृद्धांसाठी संभाव्यतः अयोग्य औषधांची ‘बीयर्स’ यादी घ्या. ती १९९१मध्ये अमेरिकेतील शुश्रूषागृहांतील रुग्णांसाठी प्रथम तयार झाली आणि पुढे अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीने २०१२, २०१५, २०१९ आणि २०२३मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. २०१५च्या यादीत मधुमेहाचे ग्लिबेनक्लामाइड होते, पण त्याच गटातील, आपल्याकडे सर्रास लिहिले जाणारे ग्लिमेपिराइड नव्हते. ते २०१९मध्ये आले, आणि २०२३मध्ये तर त्या गटातील सर्वच औषधांबाबत सावधगिरीचा इशारा देण्यात आला. आता कोणी २०१५ची यादी मराठीत करून मोकळी सोडली, तर ती वाचणारा ग्लिमेपिराइडला सुरक्षित समजेल, आणि वृद्ध रुग्णाची साखर पहाटे घसरली तर त्या कागदाला जाब विचारणारे कोणीही नसेल.

दुसरी अडचण वाचण्याच्या पद्धतीची आहे. ही यादी पुन्हा विचार करायला लावते, औषध तडकाफडकी बंद करण्याचा आदेश देत नाही. वर्षानुवर्षे झोपेसाठी क्लोनाझेपाम घेणाऱ्या आजोबांची गोळी यादीत नाव दिसले म्हणून एका दिवसात थांबवली, तर अस्वस्थता, निद्रानाश आणि प्रसंगी झटकेही येऊ शकतात. ती मात्रा हळूहळू, काही आठवडे किंवा महिने घेऊनच उतरवावी लागते. हे शिकवणारा माणूस समोर हवा. म्हणून नोंदणी असावी, छोटी परीक्षा असावी, आणि आवृत्ती बदलली की प्रत्येक नोंदणीकृत वाचकाला कळवण्याची सोय असावी. याला कुलूप म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

वॉर्डातली सिस्टर

सर, आपण औषधांचे उदाहरण घेतलेत, म्हणून आपला मुद्दा भक्कम दिसतो. शुश्रूषेचे उदाहरण घेतले तर तो तसा उरत नाही.

आमच्या पिढीला अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीला स्पिरिट आणि पावडर लावून चोळायला शिकवले गेले. हाडावरची त्वचा लाल झालेली असेल तर ती चोळू नये, त्याने आतील पेशींना अधिक इजा होते, हे आता मार्गदर्शिकांमध्ये स्पष्ट लिहिलेले असते. तरीही चोळण्याची पद्धत अनेक वॉर्डांत चालू आहे, आणि घरोघरी ब्युरोतून येणाऱ्या मावशी तर तेच करतात. हे जुने ज्ञान कोणी मोकळे सोडले म्हणून पसरलेले नाही. नवे ज्ञान बंद राहिले, म्हणून जुने टिकले आहे. कालबाह्य माहितीची भीती आपण खुल्या साहित्याच्या माथी मारता, परंतु ती माहिती आमच्या हातांत आधीपासूनच बसलेली आहे, आणि तिला तर आवृत्तीची तारीखही नसते.

रात्रपाळीचा विचार करा. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेले आजोबा दुसऱ्या रात्री बरळू लागतात आणि सलाईन उपटतात. नातेवाईक म्हणतात, वय झाले आहे. एखादी नवी मुलगी हात बांधायला निघते. त्या वेळी भिंतीवर एक पान हवे असते : चष्मा आणि श्रवणयंत्र दिले आहे का, लघवी तुंबली आहे का, शौचाला किती दिवस झाले नाही, वेदना आहे का, आज नवे कोणते औषध सुरू झाले, डॉक्टरांना केव्हा बोलवावे. आणि जे आजोबा बरळत नाहीत, नुसतेच सुस्त पडून राहतात, त्यांचाही संभ्रम ओळखायला त्याच पानाने शिकवले पाहिजे, कारण त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. हे पान मिळवण्यासाठी नोंदणी क्रमांक आणि परीक्षा ठेवलीत, तर ते ज्या हातांना हवे त्यांच्यापर्यंत कधीही पोहोचणार नाही. मावशींकडे कसला नोंदणी क्रमांक असणार?

स्वामित्वहक्काचा अभ्यासक

दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरत आहेत : खुले करायचे की नाही, हे आपल्या हाती आहे. ते नेहमी नसते.

स्मृती आणि आकलन तपासणारी ‘एमएमएसई’ ही चाचणी १९७५मध्ये प्रसिद्ध झाली आणि सुमारे पाव शतक जगभरच्या डॉक्टरांनी तिच्या झेरॉक्स काढून वापरल्या. २००१मध्ये तिचे व्यावसायिक हक्क एका अमेरिकी कंपनीकडे गेले आणि प्रत्येक छापील प्रतीचे पैसे लागू लागले. त्यावर मोफत पर्याय म्हणून आलेली ‘स्वीट सिक्स्टीन’ नावाची चाचणीही हक्काच्या वादातून मागे घ्यावी लागली. ‘मोका’ या चाचणीसाठीही २०१९नंतर सशुल्क प्रशिक्षणाची अट आली.

भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात कलम ५२नुसार अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतींना सवलत आहे, आणि २०१६मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात, म्हणजे पुस्तकांतील उताऱ्यांच्या झेरॉक्स संचांवरून प्रकाशकांनी केलेल्या दाव्यात, उच्च न्यायालयाने तिचा अर्थ बराच उदार लावला. परंतु तीच प्रत वर्गाबाहेर, जगाला खुली करून ठेवणे या सवलतीत बसते, असे कोणी गृहीत धरू नये.

याउलट जागतिक आरोग्य संघटनेची वृद्धांच्या एकात्मिक काळजीची २०१९ची पुस्तिका पाहा. स्मृती, हालचाल, पोषण, दृष्टी, श्रवण आणि मनःस्थिती या सहा अंगांची प्राथमिक तपासणी तिच्यात दिली आहे, आणि नफा न कमावण्याच्या अटीवर कोणीही तिचे भाषांतर करू शकतो. मात्र हे भाषांतर संघटनेने केलेले नाही आणि त्याच्या अचूकतेची जबाबदारी तिची नाही, असे त्यावर ठळक लिहावे लागते. थोडक्यात, मुभा संघटना देते, जबाबदारी भाषांतरकारावर राहते. या धाग्यात वाद खरे तर त्या जबाबदारीचा आहे.

पुण्याचा वार्धक्यतज्ज्ञ

अभ्यासक महाशयांनी माझेच काम सोपे केले. चाचण्यांच्या बाबतीत भाषांतराची मुभा असूनही भागत नाही. ज्यांनी आयुष्यात कधी लेखणी धरली नाही, अशा वृद्धांना शंभरातून सात-सात वजा करायला किंवा एक वाक्य लिहायला सांगून काय निष्पन्न होणार? म्हणूनच हरियाणातील बल्लभगड येथे निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी एमएमएसईची हिंदी आवृत्ती घडवताना संशोधकांनी प्रश्नच बदलले, लोकांमध्ये तपासून पाहिले आणि १९९५मध्ये ती प्रसिद्ध केली. उत्साही मंडळींनी एका रविवारी केलेल्या मराठी आवृत्तीला ही किंमत कशी येणार? अशिक्षित असलेल्या आजींवर स्मृतिभ्रंशाचा शिक्का बसेल, आणि तो पुसायला कोणी येणार नाही.

सिस्टर, आपले भिंतीवरचे पान मात्र मी आजच खुले करायला तयार आहे.

तालुक्याचा डॉक्टर

म्हणजे आपल्यातील अंतर मला वाटले होते त्यापेक्षा कमी आहे, पण संपलेले नाही. निदान ठरवणाऱ्या चाचण्या प्रमाणित झाल्याशिवाय मराठीत फिरू नयेत, हे मला मान्य आहे. औषधांच्या यादीबाबत मात्र मी हटणार नाही. जुनी प्रत फिरेल या भीतीवर उपाय प्रत लपवणे हा नाही. प्रत्येक पानावर आवृत्तीचे वर्ष, तयार करणाऱ्यांचे नाव आणि ‘या तारखेनंतर वापरू नये’ अशी ओळ छापावी, जशी औषधाच्या पट्टीवर असते. क्लोनाझेपाम कसे उतरवायचे, हेही त्याच पानावर लिहावे. नोंदणीकृत वाचकाला आपण पत्र पाठवाल, पण त्याने छापून सहकाऱ्याला दिलेल्या प्रतीला ते पत्र कसे पोहोचणार?

आणि हे काम करायचे कोणी, तर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने, असे मी सुचवतो. राज्यातील वैद्यकीय, आयुर्वेद आणि परिचर्या महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेतच.

पुण्याचा वार्धक्यतज्ज्ञ

तारखेची ओळ चांगली आहे, पण तारीख उलटल्यावर नवे पान कोण लिहिणार? अमेरिकेत डोनाल्ड रेनॉल्ड्स प्रतिष्ठानाच्या निधीवर वार्धक्यशास्त्राचे असे मोफत भांडार उभे राहिले होते, आणि तिथेही प्रतिष्ठानाने काम आटोपते घेतल्यावर पुढच्या पैशांचा प्रश्न आलाच. आपल्याकडे तर समिती नेमली जाते, पुस्तिका निघते, छायाचित्र छापून येते आणि दुसरी आवृत्ती कधीच निघत नाही. विद्यापीठाने या कामासाठी पगारी संपादक नेमला आणि त्याचे पद मंजूर झाले, तर माझा नोंदणीचा आग्रह मी मागे घेईन. तोवर नाही.

वॉर्डातली सिस्टर

पद मंजूर होईल तेव्हा होईल. सर, पान आजच खुले करायला तयार आहात असे आपण वर लिहिले आहे, तर ते मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि एकाच बाजूला मावेल असे द्यावे. त्यावर आपले नाव आणि पुढच्या वर्षीची तारीख घालावी. ती तारीख आली की नवे पान मागायला मीच येईन.