मदत हवी आहे : झाडावर राहणाऱ्या टॅरंटुलाला वाढत्या वयात कोणती पेटी द्यावी?

नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. पावणेदोन वर्षांपूर्वी माझा भाचा नोकरीनिमित्त बेंगळुरूला गेला आणि जाताना टॅरंटुला या मोठ्या, केसाळ कोळ्याची तीन पिल्ले, "मावशी, दोन महिन्यांत घेऊन जातो," असे सांगून आमच्याकडे ठेवून गेला. ते दोन महिने अजून संपलेले नाहीत. तीनपैकी दोन पिल्ले हयात आहेत, अंगाने चांगली भरली आहेत, आणि आता त्यांना कोणत्या पेटीत हलवावे याबद्दल मला जाणकारांचा सल्ला हवा आहे. माझ्या हातून झालेल्या चुका सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही, म्हणून त्या आधी लिहिते.

दोन्ही पिल्ले दक्षिण अमेरिकेतील वृक्षवासी जातीची, म्हणजे ॲव्हिक्युलेरिया ॲव्हिक्युलेरियाची आहेत आणि पाळलेल्या मादीपासून झालेली आहेत. आली तेव्हा त्यांच्या पायांचा पसारा जेमतेम दीड सेंटीमीटर होता. पाय गुलाबी आणि त्यांची टोके काळी होती. प्रौढ वयात हे नेमके उलटे होते, अंग काळे आणि पावले गुलाबी. आमचे थोरले सध्या या बदलाच्या मध्यावर असून त्याचा पसारा साडेसहा सेंटीमीटर भरतो, तर धाकटे पाच सेंटीमीटरच्या आतबाहेर आहे.

पहिली चूक डब्याची होती. भाच्याने दिलेल्या १०० मिलिलिटरच्या डब्या लहान वाटू लागल्यावर मी एका पिल्लाला कुंद्याच्या अर्धा किलोच्या पारदर्शक डब्यात हलवले, झाकणाला तापलेल्या सुईने भोके पाडली आणि हा पर्जन्यवनातील प्राणी आहे म्हणून तळाचे कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा) चिंब भिजवले. दिवस आषाढाचे होते. आमच्याकडे मृग लागला की मिठाला पाणी सुटते आणि कपाटातल्या चामडी पट्ट्यावर बुरशी चढते. त्या आठवड्यात खोलीतील आर्द्रतामापक ९० टक्क्यांच्या खाली उतरला नव्हता. आठव्या दिवशी पिल्लू वरची जागा सोडून तळाशी आले आणि पाय पोटाखाली आखडून बसले. कोळ्याकडे पाय आखडण्याचे स्नायू असतात, मात्र ते ताणण्यासाठी तो मुख्यतः शरीरातील द्रवाच्या दाबावर अवलंबून असतो, हे मला ठाऊक होते. त्यामुळे पाणी कमी पडले असे समजून मी आणखी पाणी फवारले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले होते. कोंदट, ओल्या, हवा न हलणाऱ्या डब्यात ही जात टिकत नाही हे मला नंतर कळले.

त्यानंतर उरलेल्या दोघांना लोणच्याच्या एक लिटरच्या प्लास्टिक बरण्यांमध्ये ठेवले, पण बरण्या उलट्या करून. झाकण खाली, त्यात दोन बोटे कोकोपीट, आणि बरणीचा मूळ तळ वर. ही युक्ती मला फारच पटली, कारण हा कोळी आपले नळीसारखे जाळे नेहमी सर्वांत वरच्या कोपऱ्यात विणतो. वरून झाकण उघडले की घराचे छप्परच उचलल्यासारखे होते. उलट्या बरणीत मी खालचे झाकण फिरवते, बरणी अलगद उचलते, पाण्याचे बूच धुते, खाल्लेल्या झुरळाचे अवशेष चिमट्याने काढते, आणि वरच्याला त्याचा पत्ताही नसतो. रात्री नऊच्या सुमारास जाळ्याच्या तोंडाशी आठांपैकी चार गुलाबी टोके बाहेर येतात आणि खाली काही हलते का याची वाट पाहत तशीच राहतात.

पण थोरल्याला आता बरणी पुरत नाही. तिचा व्यास दहा सेंटीमीटर, त्यातला वरचा तिसरा हिस्सा जाळ्याने भरलेला, आणि भिंतींवर चुन्याच्या शिंतोड्यांसारखे पांढरे डाग. (ही जात विष्ठा नेम धरल्यासारखी लांब उडवते, याची कल्पना भाच्याने दिली नव्हती.) म्हणून मार्चमध्ये बेळगावातील एका फिश टँकवाल्याकडून उभी काचपेटी करून घेतली. समोरून दार हवे असे सांगूनही त्याने झाकण वरच दिले आणि झाकणाला स्टीलची बारीक जाळी बसवली. पहिल्याच रात्री थोरले त्या जाळीला उलटे चिकटून चालू लागले आणि मागच्या पायाचे नख जाळीत अडकले. रंगकामाच्या मऊ ब्रशने पायाला आधार देत ते सोडवायला वीस मिनिटे लागली. पाय वाचला, पण पेटी परत माळ्यावर गेली आणि थोरले परत बरणीत.

आता माझे प्रश्न. प्रौढपणी हा कोळी बारा ते पंधरा सेंटीमीटरपर्यंत पसरतो आणि त्याला साधारण २० × २० × ३० सेंटीमीटरची उभी पेटी देतात असे वाचले आहे. थोरल्याला एकदम त्याच पेटीत हलवावे, की मध्ये १२ × १२ × २० ची एखादी पेटी वापरावी? एवढ्या मोठ्या जागेत त्याला भक्ष्य सापडेल का, ही माझी खरी शंका आहे. दुसरे म्हणजे काच घ्यावी की ॲक्रिलिक? आणि तिसरे, ज्याची मला सर्वाधिक काळजी वाटते ते हे, की जून ते सप्टेंबर ओलाव्याने भिंती पाझरणाऱ्या आणि दिवाळीनंतर कोकोपीट दोन दिवसांत कोरडे करणाऱ्या आमच्या हवेत एकाच पेटीची वायुवीजनाची रचना बारा महिने कशी चालवावी?

एक अडचण सांगायची राहिली. मुंग्या. सध्या बरण्या ज्या मेजावर आहेत त्याचे चारही पाय, आमच्या आजीच्या दुधाच्या कपाटासारखे, पाण्याच्या वाट्यांत ठेवले आहेत.

प्रतिसाद : शहापूर, बेळगाव

ताई, वीस मिनिटे ब्रश धरून बसण्याचा धीर दाखवलात, तिथेच अर्धे काम झाले. मी या जातीचे कोळी काही वर्षांपासून सांभाळतो, त्यावरून लिहितो.

थोरल्याला थेट मोठ्या पेटीत हलवा. सर्वांचे लक्ष उंचीवर असते, प्रत्यक्षात हे कोळी बिघडतात ते कोंडलेल्या हवेने आणि वारंवार घर मोडल्याने. मधली पेटी म्हणजे एक जादाचे स्थलांतर, विणलेले जाळे पुन्हा फाटणे, आणि नव्या जागी कित्येक दिवस उपास. भक्ष्य सापडण्याचा प्रश्न जागेच्या आकारापेक्षा मांडणीचा आहे. झाडाच्या सालीचा रुंद तुकडा मागच्या भिंतीला तिरका टेकवा आणि त्याच्या वरच्या टोकाशी प्लास्टिकची पाने दाट बांधा. कोळी त्याच कोपऱ्यात विणेल आणि तुम्हाला रातकिडा लांब चिमट्याने जाळ्याच्या तोंडाशी नेता येईल. समोरचा भाग मुद्दाम मोकळा आणि उजेडाचा ठेवावा, म्हणजे जाळे दाराला चिकटण्याचा संभव कमी होतो. ओला बांबू मात्र वापरू नका, आपल्याकडच्या पावसात त्याला आठवड्याभरात बुरशी येते. धाकट्याला सहा सेंटीमीटर ओलांडेपर्यंत बरणीतच राहू द्या, ते तिथे सुखात आहे.

दाराबद्दल. दार समोर हवे, आणि त्याच्या खाली पाच-सहा सेंटीमीटरची पक्की पट्टी हवी, नाहीतर दार उघडताच कोकोपीट मेजावर येते. दोन सरकत्या काचांचे दार दिसायला सुबक असते, पण काचांच्या मधल्या फटीवर लक्ष ठेवा. कोळ्याचे पोट दबते, पाठीची कडक ढाल दबत नाही, म्हणून जिथून ती ढाल जाते तिथून सगळा कोळी जातो. तुमच्या थोरल्याला तीन मिलिमीटरची फट चालेल, दीड सेंटीमीटरच्या पिल्लाला मुळीच नाही.

काच की ॲक्रिलिक, तर तुमच्या कामासाठी मी ॲक्रिलिक म्हणेन, कारण त्याला हवी तिथे भोके पाडता येतात आणि जाळीची गरजच उरत नाही. शीट चार-पाच मिलिमीटर जाडीचे घ्या. पातळ शीट एका बाजूने ओले आणि दुसऱ्या बाजूने कोरडे राहिले की वाकते आणि दार बसत नाही. भोके पाडताना मागे लाकडाची फळी ठेवा, ड्रिल संथ चालवा. स्पिरिटने कधीही पुसू नका, भोकांच्या कडांपासून बारीक तडे पसरतात. काचेचीच पेटी वापरायची असेल तर झाकण काढून पेटी आडवी नव्हे, उभीच ठेवून समोरची काच बदलून घ्यावी लागेल, आणि सिलिकॉन बुरशीरोधक नसलेले, व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत वाळलेले हवे.

हवेचे गणित सोपे आहे. समोरच्या पट्टीवर, कोकोपीटच्या थोडे वर तीन मिलिमीटरच्या भोकांची एक ओळ. मागच्या किंवा बाजूच्या भिंतीवर अगदी वर दुसरी. उबदार हवा वरून निघते, खालून ताजी येते. ही भोके बारा महिने उघडी ठेवायची. ऋतूप्रमाणे बदलायचे ते पाणी. पावसाळ्यात पेटीत फवारा पूर्ण बंद, फक्त वाटीत स्वच्छ पाणी. दिवाळीनंतर वाटी जरा मोठी घ्या आणि कोकोपीटचा एकच कोपरा ओला करा. संध्याकाळी जाळ्यावर दोन थेंब सोडले तर तो ते पितो.

प्रतिसाद : निपाणी

वरील काकांशी सहमत आहे, फक्त दोन गोष्टी जोडते. ताई, कात टाकण्याच्या बेतात असताना हलवू नका. खाणे नाकारणे, रंग मळकट होणे आणि जाळ्याचे तोंड आतून शिवून घेणे ही लक्षणे दिसली की महिनाभर सुद्धा थांबावे लागले तरी थांबा. कात टाकल्यावर तोंडाचे विषारी सुळे आधी पांढरे असतात, ते काळे होईपर्यंत भक्ष्य देऊ नका. टाकलेली कात जपून ठेवा. पोटाकडच्या भागावरून नर की मादी ते ठरवता येते. नर निघाला तर प्रौढ झाल्यावर त्याचे आयुष्य थोडेच उरते, मादी मात्र दहा वर्षांहून अधिक जगू शकते, तेव्हा पेटीवर किती खर्च करायचा ते त्यावरून ठरवा.

आणि घरात धूप, डासांची कॉइल, झुरळांचा फवारा यांपैकी काय चालते? कीटकांना मारणारे औषध कोळ्यालाही मारते, आणि तुम्ही आता चांगली हवा खेळणारी पेटी करत आहात, म्हणजे धूरही तितक्याच सहज आत जाईल.

एक विनंती इतर वाचकांना. हा धागा वाचून कोणी सह्याद्रीतल्या झाडांच्या ढोलीतील पोसिलोथेरिया, म्हणजे आपल्याकडचे झाडावर राहणारे टॅरंटुला, पकडून पेटीत ठेवू नये. त्या संपूर्ण वंशाचा व्यापार २०१९ पासून साइट्स या वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साइट्समधील प्राण्यांसाठी नोंदणीही आणली आहे. शिवाय त्याच्या दंशाने कित्येक दिवस स्नायूंत पेटके येऊ शकतात. ताईंच्या या शांत पाहुण्यांशी त्याची तुलना नको.

मूळ लेखिकेचा प्रतिसाद

आपल्या दोघांचे मनापासून आभार. डासांची कॉइल आमच्याकडे खरोखरच त्याच खोलीत लागत होती. ती आजपासून माजघरात गेली आणि सासूबाईंनी धुपाटणेही, थोडे कुरकुरत का होईना, देवघरापुरते ठेवायचे कबूल केले आहे.

उद्यमबागेतील एका कारागिराकडे पाच मिलिमीटर ॲक्रिलिकची २० × २० × ३० ची पेटी सांगितली होती, ती काल मिळाली. या वेळी कागदावर चित्र काढून दिले, त्यामुळे दार समोरच आले आहे. भोकांच्या दोन्ही ओळी मी स्वतः मोजल्या, खाली चौदा आणि वर चौदा. खालच्या ओळीशी उदबत्ती धरून पाहिली, धूर आत ओढला जाऊन मागच्या वरच्या कोपऱ्यातून बाहेर पडला. (पेटी रिकामी होती आणि नंतर धुऊन उन्हात ठेवली, हे लगेच सांगून टाकते.) सालीसाठी आमच्या परड्यातल्या वाळलेल्या आंब्याचा एक पसरट तुकडा मिळाला. तो उकळून, वाळवून, मागे टेकवला आहे.

मात्र थोरल्याने रविवारपासून रातकिडा घेतलेला नाही, आणि काल रात्री बॅटरीच्या मंद उजेडात पाहिले तर जाळ्याचे तोंड आतून पांढरे शिवलेले होते. नवी पेटी त्याच मेजावर, दार अर्धे उघडे, रिकामी ठेवली आहे, आणि बरणीला मी हात लावलेला नाही. कात मिळाली की निपाणीच्या ताईंना पोटाकडच्या भागाचा फोटो पाठवीन. तो भिंगातून कोणत्या बाजूने काढावा, एवढे तेवढे कृपया सांगावे.