मदत हवी आहे: नाथसागरातली चिलापी एक जात की दोन?

नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. तिथून पैठणला उतरणाऱ्या चिलापी (तिलापिया) माशांत मला दोन तऱ्हा दिसतात. एकीच्या शेपटीवर स्पष्ट उभ्या पट्ट्या. दुसरीची शेपटी साधी, विणीतला नर काळाभोर आणि गळा पांढरट. म्हणजे पहिली नाइल तिलापिया आणि दुसरी १९५२ साली भारतात आणलेली मोझांबिक, असं धरून चाललो होतो. पण बरेच मासे मधलेच निघतात: पट्ट्या अर्ध्या, पुसट, कधी फक्त वरच्या भागात. या दोन जातींचा संकर होतो हे माहीत आहे, म्हणूनच अडलोय.

रंग मेल्यावर बदलतो, म्हणून फोटो जाळ्यातून काढल्या काढल्या घेतले. पहिल्या कल्ल्याच्या कमानीच्या खालच्या भागावरचे कंगव्यासारखे काटे (गिल रेकर) वीस माशांत मोजले. टोकाचे मासे वेगळे पडतात, मधले नाही. माद्या आणि पिल्लं तर रंगावरून ओळखूच येत नाहीत.

माझ्याकडे भिंग, बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर आणि स्पिरिटमध्ये ठेवलेले नमुने आहेत. डीएनए तपासणी सध्या परवडणार नाही. मासळीवाले सगळ्यांना चिलापीच म्हणतात, त्यामुळे तिथून उलगडा होत नाही.

काट्यांच्या संख्येसोबत आणखी कोणती मापं घेतली तर संकर आणि शुद्ध मासा खात्रीने वेगळे करता येतील? की डीएनएशिवाय मधल्यांना नावच देऊ नये?