मदत हवी आहे: पुस्तकातली २५ मिनिटांची कृती माझ्याकडे सव्वा तास का घेते?

फोंडेकरीण:
रात्रीचे जेवण महिनाभर एकाच पुस्तकातून करायचे, असे ठरवून मी १ जुलैला सुरुवात केली. पुस्तक परदेशी आहे, झटपट आणि पौष्टिक पदार्थांचे आहे आणि प्रत्येक कृतीखाली २० किंवा २५ मिनिटे असे छापलेले आहे. आज नववा दिवस असून एकही पदार्थ तासाच्या आत झालेला नाही. पणजीहून बसने घरी पोहोचेपर्यंत सात वाजतात, साडेसातला मी ओट्यापाशी उभी राहते आणि पावणेनऊला ताटे मांडली जातात. सासूबाई काही बोलत नाहीत, फक्त घड्याळाकडे पाहतात. काल भात कच्चा राहिला, सहाव्या दिवशीचे चणे अजून संपलेले नाहीत आणि भाजीला तर दर वेळी तळे साचते. मी कृती अक्षरशः पाळते. चूक कुठे होते ते कृपया लवकर सांगा, कारण उरलेले २२ दिवस असे काढणे शक्य नाही.

माजघर:
शेगडी कोणती, माणसे किती आणि तांदूळ कोणता, हे लिहिल्याशिवाय कोणी काय सांगणार?

बिनतेलाचा:
मी गेल्या वर्षी एअर फ्रायर घेतला आणि तेव्हापासून घरात तळण बंद आहे. वजनही उतरले. तुम्हीही घ्यावा, असे सुचवतो.

फोंडेकरीण:
मी वजनाबद्दल विचारलेले नाही. गॅसची दोन बर्नरची शेगडी आहे. माणसे चार आहेत आणि कृती दोघांच्या असल्यामुळे मी सर्व काही दुप्पट घेते. तांदूळ घरात असतो तोच. त्याचा इथे काय संबंध?

माजघर:
घरात असतो तो, म्हणजे उकडा का?

फोंडेकरीण:
हो, उकडाच. भात एरवी सकाळी सासूबाई करतात.

माजघर:
मग कालच्या भाताचे उत्तर मिळाले. तुमच्या पुस्तकातली १२ मिनिटे पांढऱ्या, पॉलिश केलेल्या तांदळाची असणार. उकडा तांदूळ टरफलासकट उकडून वाळवलेला असतो, त्यामुळे दाणा आतून घट्ट होतो, आणि वर तांबूस कोंडा राहिलेला असेल तर पाणी आणखी सावकाश मुरते. उघड्या भांड्यात त्याला पाऊण तास सहज लागतो आणि पाणीही भरपूर लागते. म्हणून तर आपल्याकडे पेज निघते. सकाळी कामाला जाताना तांदूळ भिजत घाला आणि संध्याकाळी कुकर लावा, किंवा सासूबाईंनी सकाळी केलेल्या भातातलाच रात्रीसाठी वेगळा काढून फ्रीजमध्ये ठेवा.

भाटातला:
मुळात या पुस्तकाची गरज काय? मुगागाठी करा, तांबड्या भाजीची (लाल माठाची) तळसाणी, म्हणजे परतलेली सुकी भाजी करा, वर सोलांची कढी घ्या. आमच्या आईने घड्याळ न पाहता आयुष्यभर हेच केले आणि त्याहून पौष्टिक काही असेल असे मला वाटत नाही.

शिवराक_बाय:
मुगागाठी २५ मिनिटांत? आदल्या दिवशी मूग भिजवणे, मोड आणणे आणि एकेक दाणा सोलणे आपण कधी केले आहे का? आईने घड्याळ पाहिले नाही, कारण तिला सातच्या बसने यायचे नव्हते. ताई, पुस्तक सोडू नका, पण त्यातली साहित्याची यादी नीट वाचा. ‘कांदा, बारीक चिरलेला’ असे तिथे लिहिलेले असते, म्हणजे त्यांचे घड्याळ चिरण संपल्यावर सुरू होते. चौघांचे कांदे, लसूण, भाजी चिरण्यात तुमचा अर्धा तास जात असणार, तो कुठेच छापलेला नाही.

फोंडेकरीण:
चिरण्यालाच ४० मिनिटे लागतात. ती मोजायची नसतात, हे मला सुचलेही नव्हते.

माजघर:
भाजीचे तळेही दुपटीमुळेच आहे. दोघांच्या कढईत चौघांची भाजी घातली की कढई थंडावते, पानांचे पाणी सुटते आणि भाजी परतली जाण्याऐवजी उकडते. परदेशी पालेभाजीच्या जागी तुम्ही तांबडी भाजी घेत असाल तर ती आधी धुऊन चाळणीत निथळू द्या, देठ वेगळे चिरून आधी टाका, पाने दोन हप्त्यांत घाला आणि झाकण ठेवू नका. चणे किती घेतले होते?

फोंडेकरीण:
पुस्तकात ४०० ग्रॅमचा एक डबा लिहिला होता. दुप्पट म्हणून मी ८०० ग्रॅम चणे भिजवले.

शिवराक_बाय:
अहो, तो शिजवलेल्या चण्यांचा डबा असतो, पाण्यासकट! पाणी काढल्यावर त्यात साधारण २४० ग्रॅम चणे उरतात आणि कोरडे चणे शिजल्यावर दुपटीहून थोडे जास्त भरतात. एका डब्याला १०० ते ११० ग्रॅम कोरडे चणे पुरतात, तुम्हाला सव्वादोनशे ग्रॅम पुरले असते. तुम्ही फोंड्यात लग्नाचे जेवण घातले.

भाटातला:
त्यात नारळ घातला असता तर निदान संपले तरी असते.

बिनतेलाचा:
नारळातला मेद बहुतेक सगळा संपृक्त असतो. आरोग्यासाठी चाललेल्या महिन्यात तो सुचवू नये.

भाटातला:
वाटपाचा अख्खा नारळ आणि तळसाणीवर पेरलेले दोन चमचे खोबरे, यांत फरक करायला शिका.

माजघर:
नारळाचे भांडण दुसऱ्या धाग्यात न्यावे. ताई, आणखी एक विचारायचे राहिले. पुस्तकातला ‘कप’ तुम्ही कशाने मोजता?

फोंडेकरीण:
आमटीच्या वाटीने. कपाने चहा पितात.

माजघर:
पुस्तकातला कप २४० ते २५० मिलिलिटरचा असतो आणि आमटीची वाटी बहुधा दीडशेच्या आसपास भरते. चमचा मात्र तुम्ही छापील मापाचा, १५ मिलिलिटरचा घेत असाल, तर पाणी कमी आणि मीठ-मसाला जास्त, असे होणार. मोजपात्र आणा, अन्यथा कपाच्या जागी दीड वाटीहून थोडे जास्त घ्या.

फोंडेकरीण:
आज रविवारी तीन दिवसांच्या भाज्या चिरून डब्यांत भरल्या. आत्ता वांगी आणि मोड आलेल्या मटकीची कृती ३५ मिनिटांत झाली. मटकी बाजारातून मोड आलेलीच आणली होती. सासूबाईंनी घड्याळाकडे पाहिले नाही, मिठाकडे पाहिले. उरलेले चणे मात्र अजून आहेत. काल वास ठीक होता. त्यांचे काय करू?

शिवराक_बाय:
सहाव्या दिवशी शिजवलेले चणे आता खाऊ नका, टाकून द्या. पुढच्या वेळी शिजवले त्याच दिवशी उरलेले छोट्या पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवा.

फोंडेकरीण:
फ्रीजरमध्ये जागा नाही. सासूबाईंनी पावसाळ्यासाठी मासेमारी बंद होण्याआधी घेतलेले इसवणाचे (सुरमईचे) तुकडे ३१ जुलैपर्यंत तिथेच आहेत आणि त्यांना हात लावण्याची परवानगी या घरात कोणालाही नाही.