मदत हवी आहे: हिवाळ्यातल्या व्हॉल्टिंग कॅम्पला मुलीला काय काय द्यायचं? (जर्मनी)

नमस्कार मंडळी, आम्ही बायर्नमध्ये राहतो, फाशिंगच्या (म्हणजे इकडच्या कार्निव्हलच्या) सुट्टीत लेकीला राइडिंग आणि व्हॉल्टिंगच्या कॅम्पला पाठवतोय, मुक्काम तिकडेच. व्हॉल्टिंग म्हणजे घोडा लांब दोरीवर गोल गोल पळतो आणि पोरं त्याच्या पाठीवर गुडघे टेकून बसतात, उभी राहतात, थोडक्यात आपला मल्लखांबच पण पळता.

तर प्रश्न कपड्यांचा. हॉलला छप्पर आहे पण हीटिंग नाही, आणि फेब्रुवारीत इकडे कधी कधी चांगलं शून्याखाली जातं. ट्रेनर म्हणते कपडे अंगाबरोबर बसणारे हवेत, फुगीर जॅकेट नको कारण ते घोड्याला बांधलेल्या पट्ट्याच्या, हाताने धरायच्या कड्यांत अडकतं, शूज मऊ पातळ सोलचे, आणि हेल्मेट फक्त राइडिंगला, व्हॉल्टिंगला नाही (हे ऐकल्यापासून सासूबाईंचे फोन चालूच आहेत). मग आपली पाळी येईपर्यंत पोरं गारठत नाहीत का हो? लोकरीचं थर्मल घेऊ का? कॉटन एकदा घामाने ओलं झालं की संपलंच असं मला वाटतं. आणि हातमोजे घातले तर कड्यांवरची पकड सुटते का?

सकाळी तबेल्यात घोड्यांच्या खुरांत घट्ट बसलेला बर्फ हुकने काढायचा, गोठलेल्या बादल्या फोडायच्या, हेही मुलांनीच करायचं. त्याला साधे गमबूट पुरतील की आतून लोकरवाले?

शिवाय आम्ही व्हेज, म्हणजे रोज चीज-नूडल्स मिळणार बहुतेक, सोबत चकली-लाडू दिले तर चालतात का? कोणाची मुलं जाऊन आली असतील तर प्लीज सांगा, वीकेंडला खरेदीला जायचंय.